हारुएचे पिवळे डोळे

इतोमान या बंदरगावच्या मासळीबाजारात हारुए आसातो तळलेल्या माशांच्या वड्या विकायची. साठी उलटली तरी हारीच्या, म्हणजे वल्ह्यांच्या होड्यांच्या, शर्यतीत बाजारातल्या बायकांच्या होडीत तिची जागा पक्की होती. जुन्या पंचांगाच्या पाचव्या महिन्यात, चौथीला शर्यत. थंडी सरली की दुकान आवरून सगळ्या जणी बंदरात सरावाला उतरायच्या.

त्या वर्षी मात्र सराव अंगावर यायला लागला. खांदे असे भरून यायचे की सकाळी कढई उचलवत नसे. नवरा सेइजी जाळं शिवता शिवता म्हणाला, "यंदा धक्क्यावर बस आणि माझ्यासारखी नुसती ओरडत राहा."

"ते तुम्हीच करा. तुम्हाला छान जमतं," ती म्हणाली.

लेक चिनात्सु नाहा शहरात व्यायामशाळेत शिकवायची. तिनं हळदीच्या अर्काच्या गोळ्यांची बाटली आणून दिली. "आमच्याकडे बरेच जण घेतात, आई. व्यायामानंतरचा ठणका कमी होतो. रोज एकच घे."

हारुएला हसू आलं. परसात हळदीचा वाफा, घरात काढा तर तिच्या आजीच्या वेळेपासून. हळदीला कोण भिणार? आणि ठणका खरंच उतरला. सराव वाढला तशी ती दोन घ्यायला लागली, मग सकाळ-संध्याकाळ दोन-दोन.

लघवी गडद व्हायला लागली तेव्हा तिला वाटलं, हळदीचाच रंग. मग तळणाच्या वासानं मळमळायला लागलं, तळहात खाजायला लागले. एका सकाळी तोंड धुताना तिनं आरशात पाहिलं, आणि हातातला टॉवेल तसाच राहिला. डोळ्यांचं पांढरं पिवळं झालं होतं.

असे डोळे तिनं एकदाच पाहिले होते, वडिलांचे. ते आवामोरी ही तांदळाची दारू पिऊन यकृतानं गेले तेव्हा ती शाळेत होती. तिनं तर आयुष्यात घोटभर दारू घेतली नव्हती. तिला आठवलं, गल्लीतले पिणारे यकृतासाठी म्हणून हळदच घेतात. तिनं आणखी एक गोळी गिळली आणि काळा चष्मा चढवला.

"कुठल्या सिनेमात काम मिळालं?" सेइजीनं विचारलं. ती वल्हं उचलून सरावाला निघाली.

सरावात तिचं वल्हं दोनदा चुकलं. मागे बसणारी रित्सुको, तिची बालमैत्रीण, होडी लागल्यावर समोर येऊन उभी राहिली. "चष्मा काढ." हारुएनं काढला. रित्सुकोनं तिचा चेहरा उजेडाकडे वळवला. मग म्हणाली, "घरी सांगितलंस?"

"नाही."

"चल, मी येते."

रुग्णालयात तिला लगेच ठेवून घेतलं. डॉक्टरांनी विचारलं, "औषधं काय घेता?" "काही नाही," ती म्हणाली, आणि तिला ते खरंच वाटत होतं. हळद काय औषध असते? यंत्रात झोपवून पोटाची छायाचित्रं काढली. गाठ नव्हती, कावीळ पसरवणारा विषाणू नव्हता, तरी रक्ततपासणीतले यकृताचे आकडे चढतच होते. डॉक्टर सेइजीला बाहेर घेऊन गेले. परत आल्यावर त्यानं एकही थट्टा केली नाही, उगाच पांघरूण नीट करत बसला. तेव्हा हारुएला खरी धडकी भरली. मेल्यावर कढया कोणाला द्यायच्या इथपर्यंत तिचा विचार गेला. तो उठून गेल्यावर तिनं पिशवीतून बाटली काढली.

तेवढ्यात चिनात्सु आत आली. "आई, हे काय करतेस?"

"यकृतासाठी घेते गं. हळदच आहे."

"इथे आल्यापासून घेतेस?"

"रोज. दोन वेळा."

चिनात्सुचा चेहरा पांढराफटक पडला. बाटली हिसकावून ती बाहेर धावली.

डॉक्टर बाटली वाचत आले. "आसातोबाई, काढ्यातली हळद वेगळी. इथे अर्क दाटून भरलाय, आणि अंगात मुरावा म्हणून वर मिरीचा अर्क. पुष्कळांना काही होत नाही, पण एखाद्याच्या यकृताला हे सोसत नाही. आता बंद. उतरतंय का पाहू."

"आणि नाही उतरलं तर?"

"आधी पाहू," ते म्हणाले.

चिनात्सु भिंतीकडे तोंड करून उभी होती. "मीच आणून दिल्या."

"तू एक सांगितलीस, मी चार गिळल्या," हारुए म्हणाली. "इकडे ये. मला भीती वाटतेय."

लेक शेजारी बसली. दोघींचे हात गार होते. पुढच्या तपासणीत आकडे होते तिथेच थांबले, त्याच्या पुढच्या वेळी थोडे खाली आले. शर्यत तिच्यावाचून झाली. बाजारातल्या बायका तिसऱ्या आल्या, आणि रित्सुकोनं त्याचा सगळा दोष हारुएच्या जागी बसलेल्या स्वतःच्या सुनेवर टाकला. उन्हाळा संपता संपता डोळे निवळले.

पुढच्या वर्षी ती होडीत परतली. खांदे दुखतात, तेव्हा गरम पाण्यात बसते, एक दिवस सुट्टी घेते. भीती मात्र पुरती गेलेली नाही. नाहाहून फोन आला की चिनात्सु अजूनही आधी डोळ्यांचं विचारते, आणि हारुए उत्तर देण्याआधी आरशात बघून येते.