अक्कांचं गोंदण

अक्का बोलायला लागायच्या तेव्हा आधी त्यांच्या हनुवटीवरचे तीन हिरवे ठिपके हलायचे, मग आवाज यायचा. लहानपणी मेंढरांमागे रान तुडवलेल्या माणसाचा तो आवाज होता. मुकुंदवाडी स्टेशनात गाडी उभी असली, तरी रुळांपलीकडच्या वस्तीत तो नीट ऐकू जाई. हळू बोलणं त्यांना जमलंच नाही. एकदा मला गुपित सांगायचं म्हणून त्या माझ्या कानाशी वाकल्या, आणि समोरच्या बिल्डिंगच्या दुसऱ्या मजल्यावरून एका बाईंनी विचारलं, "कोणाचं लग्न मोडलं म्हणता?"

अक्का आमच्या प्रभागाच्या नगरसेविका. आमची कॉलनी आणि रुळांपलीकडची वस्ती मिळून हा प्रभाग होतो. जागा महिलांसाठी राखीव झाली, तेव्हा वस्तीतली मतं बांधलेली राहावीत म्हणून पक्षाने त्यांना उभं केलं. त्यांचे यजमान लोडिंग रिक्षा चालवत. निवडून आल्यावर लोक रिवाजाप्रमाणे कामं घेऊन यजमानांकडेच जायला लागले. ते रिक्षाला किक मारत म्हणायचे, "मेंबर आत हाये. मला सामान टाकायचं आसंल तर सांगा." आठवडाभरात लोकांना सवय झाली.

आमच्या शहरात पाण्याची पाळी म्हणजे काय, हे इथल्या माणसाला सांगायला नको; काही दिवसांतून एकदाच नळाला पाणी येतं. पाळीच्या दिवशी पहाटे लाइनमन व्हॉल्व्ह उघडायला आला की अक्का तिथे उभ्या असत. पदर कमरेला खोचलेला, पायात रबरी चप्पल, केस कसेतरी गुंडाळलेले. वस्तीच्या टोकाच्या नळाला धार आली का, हे स्वतः बघून आल्याशिवाय त्या चहा घेत नसत. मी एका कारखान्यात कॉस्टिंगचं, म्हणजे खर्चाच्या हिशेबाचं काम करतो. मला मापात राहणारी माणसं आवडतात. कॉलनीला किती वेळ पाणी आणि वस्तीला किती, यात अक्कांनी कधी डावं-उजवं केलं नाही. कॉलनीतल्या काही लोकांचा त्यांच्यावर खरा राग होता तो याचा. पण ते उघड बोलता येत नाही. म्हणून ते त्यांच्या लुगड्याबद्दल बोलत.

एका उन्हाळ्यात आमच्या आणि शेजारच्या प्रभागाच्या हद्दीवर मोठी जलवाहिनी फुटली. शेजारचे नगरसेवक बापू. बापू हा दिलदार माणूस, पोट सदऱ्याच्या बटणांना न जुमानणारं, आणि केसांना लावलेला काळा रंग कानावरही थोडा आलेला. सकाळी कारखान्यात जाताना मी दोघांना खड्ड्यात उतरलेलं पाहिलं, त्यामुळे हे ऐकीव नाही. बापू गुडघाभर चिखलात होते आणि अक्काही गुडघाभर चिखलात होत्या. कामगार फुटलेल्या जागी नुसती रबराची पट्टी गुंडाळून निघायच्या बेतात होते. वेल्डिंग पुरं होईपर्यंत अक्कांनी त्यांना हलू दिलं नाही.

त्याच दुपारी महापालिकेच्या सभागृहात दोन्ही प्रभागांच्या नव्या जलवाहिनीचा विषय होता. आपण गैरहजर राहिलो तर विषय पुढे ढकलला जाईल, हे दोघांनाही माहीत होतं. म्हणून दोघं खड्ड्यातून निघाले ते तसेच सभागृहात गेले. पुढचं मला अक्कांनी सांगितलं आणि बापूंनीही सांगितलं, आणि दोघांचं सांगणं जुळलं. बापू आत आले तेव्हा बाकं वाजली. अक्का आल्या तेव्हा एक सदस्य म्हणाले, "ताई, हे सभागृह आहे. गोठ्यातून उठून आल्यासारखं येऊ नये. जरा घरी जाऊन नीटनेटक्या होऊन या." लोक हसले. बापू कागद चाळत बसले.

अक्का जागेवर उभ्याच राहिल्या. "सायब, माझं लुगडं घरी जाईस्तवर वाळंल. फुटल्याली लाइन वाळून नीट व्हत नाय. विषय घ्या."

विषय घेतला गेला आणि मंजूरही झाला. पण दुसऱ्या दिवशी एका वर्तमानपत्रात एकाच पानावर दोघांचे फोटो आले. बापूंच्या फोटोखाली होतं, 'चिखलात उतरलेला लोकप्रतिनिधी.' अक्कांच्या फोटोखाली होतं, 'नगरसेविकेच्या अवताराने सभागृह अवाक्.'

संध्याकाळी चौकातल्या चहाच्या टपरीवर बापू तो अंक घेऊन आले होते. अक्कांनी तो हातात घेतला, दोन्ही फोटो निरखून पाहिले आणि विचारलं, "बापू, आपुन दोघं एकाच खड्ड्यात व्हतो ना?"

"होतो की."

"मंग तुमचा चिखुल चांगला अन माझा वंगाळ, आसं कसं काय?"

बापू ओशाळं हसले. "लोकच तसे आहेत, अक्का. आपण काय करणार?"

"तुमी काय करनार? तुमी तिथं बोलनार! तवा तर तोंडात गुळनी धरून बसला व्हता." मग टपरीवाल्याला म्हणाल्या, "ह्यांच्या चहाचे पैसे ह्यांच्याकडूनच घे. रोज मीच देती."

अंक मात्र त्या घरी घेऊन गेल्या.

त्यानंतर काही महिन्यांनी भाचीच्या लग्नातून त्या थेट एका बागेच्या उद्घाटनाला आल्या. हिरवी रेशमी साडी, नाकात नथ, केसांत गजरा. खरं सांगतो, छान दिसत होत्या. माझी बायको पुढे होऊन म्हणाली, "अक्का, नजर लागेल हो!" अक्का लाजल्या. मी त्यांना लाजताना पाहिलं ते तेवढंच. कार्यक्रम संपायच्या आत आमच्या शेजारचे सर, म्हणजे निवृत्त मुख्याध्यापक, माझ्याजवळ येऊन पुटपुटले, "लोक पाण्यावाचून तडफडतायत आणि बाईंचा थाट बघा."

मी म्हटलं, "सर, साधी साडी असली की तुम्ही अवतार म्हणता. चांगली असली की थाट म्हणता. बाईने नेमकं कसं यावं? एक माप सांगा, मी अक्कांना कळवतो."

"अहो, शोभेल असं."

"म्हणजे किती?"

"असं किलोवर सांगता येतं का?"

"मग त्यावरून माणूस नापास कसा करता येतो?" मी व्यासपीठाकडे बोट केलं. तिथे बापू गळ्यात दोरखंडाएवढी सोन्याची साखळी घालून नारळ फोडत होते. "आणि ही किती तोळ्यांपर्यंत शोभते?"

सर त्यानंतर बरेच दिवस माझ्याशी फक्त हवामानावर बोलले.

दुसऱ्या निवडणुकीच्या वेळी प्रभाग खुला झाला. बाईला खुल्या जागेवर कशाला, असं पक्षातच म्हणणारे होते. अक्कांना तिकीट मिळालं ते वस्तीच्या जोरावर, पण कॉलनीतली मतं जातील ही पक्षाला धास्ती होती. शेवटी कार्यालयानेच त्यांचा फ्लेक्स परस्पर बनवून घेतला आणि चौकात लावला. फ्लेक्सवर अक्का दुधासारख्या गोऱ्या होत्या. ओठ गुलाबी, केस चापूनचोपून बसवलेले. कपाळावरची गोंदलेली चंद्रकोर नव्हती आणि हनुवटीवरचे ठिपकेही नव्हते.

त्या दिवशी सकाळी वस्तीतल्या दोन म्हाताऱ्या अक्कांच्या दारात येऊन बसल्या. एकीचा आवाज रडवेला. "अक्का, तुझ्या जागी ही कोन गं उभी केली? तुझं तिकीट काटलं का?"

"कोन उभी केली?"

"चौकात लावलीय नव्हं. गोरीपान हाये. आमी नाय बाई तिला वळखत. आमी मत नाय देनार."

अक्का आधी पोट धरून हसल्या. मग चौकात गेल्या. मी बसची वाट बघत तिथेच उभा होतो. त्या फ्लेक्सपुढे बराच वेळ उभ्या राहिल्या, आणि त्यांचा हात आपोआप हनुवटीकडे गेला. मग मला म्हणाल्या, "भाऊ, चला माझ्यासंगं. तुमी सोबत आसल्यावर मी शिव्या देनार नाय."

फ्लेक्सवाला मुनीर आमच्याच चौकातला. त्यांना पाहताच तो खुर्चीवरून उठला. "आवो अक्का. कैसा दिखा? एकदम हिरोईन बनाया तुमकू."

"मुन्या, माझं गोंदन कुठंय?"

"वो निकाल दिया. ऑफिसवाले बोले, कॉलनीत बरं नाही दिसत."

"बापूचा फ्लेक्स तूच केलास ना? त्यांचं पोट काढलंस का?"

मुनीर प्रामाणिक माणूस. थोडा विचार करून म्हणाला, "नही अक्का. मर्द लोगां आते तो बोलते, नाव मोठं कर. पोटाचं कोणी बोलतच नाही. औरतों का बोलते, चेहरा साफ कर."

अक्का स्टुलावर बसल्या. त्यांचा आवाज मी प्रथमच खाली गेलेला ऐकला. "आमची मेंढरं घेऊन आमी गावोगाव फिरायचो. पोरगी जत्रंत, बाजारात हरवली तर वळखू यावी म्हनून मायनं हे गोंदून घेतलं. मी लई रडले. माय म्हनली, रडू नको, आता तू कुठंबी गेलीस तरी माझीच. एवढ्या वर्षांत कुठं हरवले नाय रे मुन्या. अन तू मला भर चौकात हरवून टाकलंस."

मुनीर कॉम्प्युटरकडे वळला. "दुसरा फोटो द्या अक्का. अभी करतो."

अक्कांनी कमरेची पिशवी उघडून वर्तमानपत्राचं घडी केलेलं पान काढलं. चिखलातला फोटो. "ह्योच लाव. जसा हाये तसा."

पक्षाचा माणूस धावत आला. हा फोटो लावला तर कॉलनी हातची जाईल, असं तो मलाच समजावत होता. अक्का म्हणाल्या, "जाऊ दे. त्या गोरीच्या तोंडाकडं बघून मतं पडनार आसतील, तर निवडून तीच येईल. मंग पहाटं व्हॉल्वावर तिलाच हुबी करा."

चिखलाचा फ्लेक्स लागला. त्यावर त्यांनी एकच ओळ घालायला लावली होती: 'तुमच्या नळासाठी.'

अक्का निवडून आल्या. फरक फार मोठा नव्हता. नंतर मी केंद्रांप्रमाणे मतांचे आकडे पाहिले. कॉलनीच्या केंद्रावर त्यांची मतं आधीपेक्षा वाढली होती. ती फोटोमुळे वाढली असं मी म्हणणार नाही, कारण नवी जलवाहिनीही दरम्यान सुरू झाली होती. पण फोटोमुळे घटली नाहीत, एवढं मी कुणापुढेही मांडायला तयार आहे.

तेव्हापासून आमच्या घरात एक नियम आहे. जमाखर्चात प्रत्येक नोंद दोन्ही बाजूंना करावी लागते, तसाच. टीव्हीवर एखाद्या बाई पुढाऱ्याची साडी, वजन किंवा केस यावर कुणी बोललं, की शेजारी बसलेल्या पुरुषाबद्दलही तेवढंच बोलायचं. पाहुण्यांनाही सवलत नाही. माझ्या मेहुण्याला एकदा एका मंत्र्यांच्या टकलावर बोलावं लागलं, तर तो म्हणाला, "त्याचा कारभाराशी काय संबंध?" बायकोने त्याच्या ताटात पोळी वाढली आणि म्हणाली, "हेच म्हणायचं होतं भाऊ. जेव आता."

महापालिकेच्या सभागृहाची मुदत संपली आणि प्रशासक आले. अक्का आता मेंबर नव्हत्या, पण पाळीच्या पहाटे व्हॉल्व्हपाशी असायच्याच. लाइनमनने एकदा विचारलं, "अक्का, आता कशाला येता?" त्या म्हणाल्या, "पानी निवडनूक बघून येतं का?"

गेल्या हिवाळ्यात अक्का गेल्या. ताप अंगावर काढला, दवाखान्यात नेईपर्यंत उशीर झाला होता. वस्ती आणि कॉलनी दोन्हीकडची माणसं स्मशानात होती. बापू एका बाजूला उभे राहून रुमालाने डोळे पुसत होते आणि रुमालाला केसांचा काळा रंग लागत होता. मला त्याचं हसू आलं नाही. त्यांचं रडणं खरं होतं.

तिसऱ्या दिवशी चौकात श्रद्धांजलीचा फ्लेक्स लागला. दुधासारख्या गोऱ्या, गुलाबी ओठांच्या अक्का. कुणीतरी पक्ष कार्यालयातून जुनी फाइल पाठवली होती आणि मुनीर गावी गेला असल्यामुळे दुसऱ्या दुकानातून ती छापून आली होती. खाली मान्यवरांचे फोटो ओळीने, सगळे जसेच्या तसे, पोटांसकट.

मी कुणाशी भांडत नाही. सोसायटीच्या सभेतसुद्धा मी फक्त आकडे सांगतो. त्या दिवशी मी ज्यांनी फ्लेक्स लावला त्यांच्यापुढे उभा राहिलो आणि म्हणालो, "हा उतरवा."

"काका, श्रद्धांजलीचा आहे. गेलेल्या माणसाला चांगलं दाखवतात."

"अक्का चांगल्याच होत्या. ही बाई कोण आहे मला माहीत नाही."

"आता खर्च झालाय त्यावर."

"नव्याचा मी देतो. उतरवा."

तेवढ्यात मागून सर आले, आमचे निवृत्त मुख्याध्यापक. मला वाटलं, आता हे शोभण्याबद्दल काहीतरी सांगणार. सरांनी चष्मा काढून फ्लेक्सकडे पाहिलं आणि शाळेतल्या पोरांवर ओरडायचे त्या जुन्या आवाजात म्हणाले, "शिडी आणा."

मुनीर गावाहून रात्रीच्या गाडीने आला. सकाळी नवा फ्लेक्स लागला. चिखल, कमरेला खोचलेला पदर, कपाळावर चंद्रकोर, हनुवटीवर तीन ठिपके. नाव नेहमीपेक्षा मोठं होतं. ते त्याने स्वतःहून मोठं केलं होतं.

पाळीचा दिवस होता. त्या दोन म्हाताऱ्यांपैकी एक उरली आहे. ती कळशी घेऊन चाललेली चौकात थांबली, मान वर करून बघत राहिली. मग कळशी खाली ठेवून तिने हात जोडले.

"हां," ती म्हणाली, "सापडली."