राखणदाराचे डोळे

लोककथांच्या शोधात गावोगाव हिंडणाऱ्याला एक गोष्ट लवकर कळते : माणूस गेला की त्याच्याभोवती किस्से जमू लागतात, आणि ते जमत जातात तसतसा तो माणूस त्यांच्याआड दिसेनासा होतो. माझा मित्र यशवंत याचे तेच झाले. रत्नागिरीत, मांडवी बंदरावर, त्याचे किस्से अजून हसत हसत सांगतात. यातल्या बहुतेक प्रसंगी मी तिथे होतो. मला तितके हसू येत नाही.

*

यशवंत गणपती घडवणाऱ्यांच्या घरातला. मूर्ती घडतात त्या जागेला आमच्याकडे 'शाळा' म्हणतात. या शाळेचे मुख्य त्याचे वडील, आबा. ती सोडून यशवंत मुंबईला एका फिल्म कंपनीत गेला आणि कापडावर राजवाडे रंगवू लागला. मूकपटांचे दिवस होते. एकदा शोकाच्या प्रसंगात राजा झालेला नट संगमरवरी खांबाला टेकला आणि खांबासकट पलीकडे गेला!

मालक ओरडले, "राजवाडा कच्चा आहे!"

यशवंत म्हणाला, "राजवाडा पक्का आहे. राजा जड आहे."

नोकरी त्या दिवशी वाचली. बोलपट आले आणि कंपनीतली जुनी माणसे कमी झाली, तेव्हा गेली.

*

परतला तो एक जुना कॅमेरा आणि हाताने फिरवायचा प्रोजेक्टर घेऊन. गणेशचतुर्थीनंतर शाळा ओस पडते. तिथेच त्याने चित्रे काढायला घेतली. एका चित्रात पाऊल जमिनीवर, पुढच्यात किंचित उचललेले. प्रत्येकाचा फोटो घ्यायचा, की पडद्यावर माणूस चालू लागतो. गोष्ट माझ्याकडची होती : तिन्हीसांजेला काठी टेकत गावाच्या वेशीवरून फिरणारा राखणदार, गावाचा रक्षणकर्ता देव.

यशवंताला हवे होते ते एवढेच, की आबांनी हे चित्र चालताना बघावे. आबांची नजर दर वर्षी अधू होत चालली होती.

आबांना मात्र हा उद्योगच मान्य नव्हता. कारण चालीरीतीत आहे. उत्तरपूजा झाली की गणपती जागेवरून किंचित हलवतात. त्या क्षणी मूर्तीतले देवपण गेले असे मानतात. मग मूर्ती पाटावरून समुद्रावर नेतात, आणि परतताना पाट रिकामा आणत नाहीत, त्यावर मूठभर वाळू आणतात.

"आपल्यात हललं म्हणजे गेलं," आबा म्हणाले. "आणि तू मेल्या, हलवण्यापासनंच सुरुवात करतोस!"

यशवंत चित्र काढतच राहिला.

*

पहिल्याच पावसाळ्यात चित्रांच्या गठ्ठ्यांना बुरशी लागली. त्याचा चुलतभाऊ रघू शाळेतला रंगारी, तो एकेक कागद उन्हाच्या तिरिपेत धरून म्हणाला, "यशवंता, राखणदाराला देवी आल्या रे!"

सगळे हसले. यशवंतही हसला. मग चूल पेटवायला ते कागद आत गेले, आणि पहिल्या पावलापासून काम पुन्हा सुरू झाले.

*

मुंबईच्या एका कंपनीचा माणूस आगबोटीने आला. चित्रे पाहून खूश झाला आणि विचारले, "हा बोलतो का? आता लोकांना बोलणारं लागतं."

यशवंत म्हणाला, "आमच्या घरात आबा सोडून कोणी बोलत नाही."

तरीही सौदा ठरला. पुरी झालेली फिल्म घ्यायला तो पुन्हा यायचा होता.

*

रघूने आणि शाळेतल्या रंगाऱ्यांनी सगळी चित्रे पुरी केली. यशवंत फोटो घ्यायला बसला आणि थबकला. हजारो राखणदार, एकालाही डोळे नाहीत!

"रघू, डोळे?"

"डोळे शेवटी. नि ते आबांनी काढायचे. आमी कसे काढणार?"

चूक म्हणावी तर ती फक्त याच शाळेत होऊ शकली असती. मूर्तीचे डोळे उघडण्याचा मान आबांचा. ते जिवंत असता दुसऱ्या कोणाचा कुंचला तिथे पोचला नव्हता. यशवंताने गठ्ठा आबांपुढे ठेवला.

आबांनी बराच वेळ कागद चाचपले. "ह्ये किती जण आहेत?"

"एकच आहे, आबा. एकच माणूस चालतोय."

"मग एकदाच काढीन."

गठ्ठ्यातून त्यांनी एक कागद ओढला, डोळ्यांशी नेला आणि दोन डोळे काढले. बाकीचे यशवंत स्वतः काढू शकला असता. त्याने काढले नाहीत. तसेच फोटो घेतले.

*

फिल्म तयार झाली. दुसऱ्या सकाळी कंपनीचा माणूस ती बोटीने मुंबईला नेणार होता. दुसरी प्रत नव्हती. दिवेलागणीला शाळेत पांढरी चादर बांधली. आबा पार पुढे, पाटावर बसले. त्यांना आता उजेड आणि सावली एवढेच कळत असावे, असा आमचा समज होता.

राखणदार चालू लागला. वेशीवरून, काठी टेकत, कोरा चेहरा घेऊन. रघू कुजबुजला, "चालतोय रे!" एका ठिकाणी चादरीवर काहीतरी लवल्यासारखे वाटले. डोळे उघडल्याचे मला दिसले नाही; रघूलाही नाही.

आबा म्हणाले, "बघितलान माझ्याकडे."

यशवंत प्रोजेक्टरचे हँडल फिरवत राहिला. रीळ संपले. चादर पांढरी झाली.

आबा उठले. चादरीपाशी गेले, हात जोडले आणि तिची कड बोटांनी किंचित, अगदी किंचित, हलवली.

यशवंताने रीळ डब्यात भरले. आबा ज्यावरून उठले होते तो पाट घेतला, त्यावर डबा ठेवला आणि पाट डोक्यावर घेऊन बाहेर पडला. मागे रघूचा हात धरून आबा, त्यांच्यामागे मी.

परतताना पाटावर मूठभर वाळू होती.