अरबाबची अमेरिकन गाडी

गाडी खोलून परत जोडली की ट्रेमध्ये एखाद-दुसरा नट उरतोच. कुठला, ते आठवत नाही. टाकवत पण नाही. आमच्या गॅरेजातले किस्से असेच साठलेत. शारजाच्या औद्योगिक भागात बारा वर्षं पाना फिरवला. डोकं तापट, तोंड त्याहून तापट, त्यामुळं प्रत्येक किश्शात माझं भांडण आहेच!

गॅरेजात पार्ट्या दोन. आमचा उस्ताद गुलखान, पेशावरकडचा पठाण. तो अमेरिकन गाडीचा भक्त. मी जपानीचा. माणदेशातला माणूस मी, कमी पाण्यावर चालणारी वस्तूच आपल्याला पटते!

चहा आला की सुरू.

"जादव, अमेरिकन गाडी बादशाह है!"

"हां खानसाब, इसीलिए रोज चार आदमी धक्का मारते हैं!"

*

भांडणाचं मूळ म्हणजे बू राशिद. इथलाच म्हातारा अरब, सत्तरीचा. आम्ही सगळे त्याला अरबाब म्हणायचो, म्हणजे मालक. त्याची एक चॉकलेटी अमेरिकन गाडी होती. लांबी एवढी, की गॅरेजात घेतली तर दुसरी गाडी बाहेर उन्हात.

ती तो सोडत नव्हता, त्याला कारण होतं. त्याच्या म्हातारीचे दोन्ही गुडघे गेलेले. पोरानं नवीकोरी उंच फोर-बाय-फोर घेतली, तिच्यात बाईला चढताच येईना. या गाडीची पुढची सीट सोफ्यासारखी, बुटकी, रुंद. दार उघडलं, बसली, झालं. दवाखाना असो का अजमानला बहिणीकडं जाणं, याच गाडीतनं.

दरवर्षी पासिंगच्या आधी अरबाब यायचा आणि एकच बोलायचा, "यल्ला, चल, पास करून दे. ही गाडी गेली तर म्हातारीचं बाहेर जाणं खलास."

*

नवीन होतो तेव्हा याच गाडीचा एक बोल्ट सोडवायला घेतला. तेराचा पाना बसल्यासारखा वाटला. जोर लावला, तर पाना सटकला, बोल्टचे कोपरे गेले आणि माझी बोटं सोलली. मी पाना असा भिरकावला, की शेजारच्या वेल्डरनं तो आणून दिला!

गुलखान म्हणाला, "वो आधे इंच का है. अमेरिकन में सब इंच चलता है. सात बटा सोलह, नौ बटा सोलह. स्कूल में नहीं सीखा?"

"खानसाब, मैं चौथी में भाग गया. ये बटा-बिटा पाचवी में था!"

म्हणून मला जपानी गाडी आवडते. दहा, बारा, चौदा, सतरा. शाळा सोडलेल्या माणसाचा मान ठेवते.

*

अरबाबची शारजाबाहेर, धैद गावाला शेती. तिथं शेळ्या, आणि शेळ्यांसाठी एक जुनी जपानी पिकअप. तिच्या स्टार्टरचा आवाज वेगळाच. चावी फिरवली की "चिर्रर्र" करून अर्ध्या सेकंदात चालू. तो आवाज ऐकला की शेळ्या म्हणे पळत यायच्या, चारा आला म्हणून.

एकदा ती पिकअप आमच्याकडं आली. चारा वाहून मागचा पत्रा फाटला होता, तेवढा जोडायचा होता. मी सहज तेल बघितलं. तेल कसलं, डांबर!

"अरबाब, तेल कधी बदललं?"

अरबाब विचारात पडला. "तिनं कधी मागितलं नाही!"

मी गुलखानकडं बघितलं. गुलखान त्या दिवशी चहाला आलाच नाही!

*

पण मीही तोंडावर आपटलोय.

अबुधाबीचे देशपांडेसाहेब. मोठ्या कंपनीत इंजिनियर, मूळचे पुण्याचे. जुनी अमेरिकन गाडी घेऊन वैतागलेले. मी म्हटलं, "साहेब, विका. जपानी घ्या. डोळे झाकून घ्या!" त्यांनी घेतली.

ऑगस्टमध्ये दुरुस्तीला नाही, मला भेटायला आले. सोबत बायको आणि सात-आठ वर्षांची मुलगी. मुलगी मागच्या सीटवर लालबुंद, घामानं केस चिकटलेले.

मी विचारलं, "साहेब, बंद पडली का कधी?"

"एकदाही नाही हो, जाधव."

"मग?"

वहिनी म्हणाल्या, "त्या जुन्या गाडीत ही ऑगस्टमध्ये स्वेटर घालून बसायची!"

मुलगी माझ्याकडं बघत म्हणाली, "अंकल, यू सेड इट वॉज बेटर!"

मी वेल्डरशी भांडतो, पठाणाशी भांडतो. त्या पोरीशी कसा भांडणार? कोपऱ्यावरून लबानची, म्हणजे इथल्या ताकाची, गार बाटली आणून दिली. एसीच्या बाबतीत अमेरिकेचा नाद नाही करायचा, हे त्या दिवशी कबूल केलं. मनातल्या मनात!

*

एकदा गुलखाननं अमेरिकन गाडीचा अस्सल पार्ट मागवला. आठवडाभर मिरवत होता. खोका उघडला आणि पार्टच्या एका जागेवर अंगठा दाबून धरला. सोडेचना!

"खानसाब, अंगूठा हटाओ."

"ग्रीस लगा है."

इंग्रजीतले मला दोनच शब्द वाचता येतात. एक डेंजर आणि दुसरा जपान. त्यानं अंगठा उचलला तेव्हा डेंजर लिहिलेलं नव्हतं!

*

आता ज्याच्यासाठी हे सगळं सांगितलं ते.

एका वर्षी अरबाबची गाडी पासिंगला नापास झाली. धूर, ब्रेक, इंजिन गरम, सगळंच. पंधरा दिवसांची मुदत. पुन्हा नापास झाली तर भंगारात.

अरबाब गाडी घेऊन आला तेव्हा आम्ही आधीच कामानं भाजलेलो. माझं तोंड सुटलं. "अरबाब, फेक दो ये डब्बा! जापानी लो! कितने साल इसको पालोगे?"

म्हातारा चिडला नाही. त्यानं गाडीकडं बोट केलं. आत म्हातारी बसली होती, मांडीवर खजुराचा डबा. आमच्यासाठी आणलेला.

"जापानी मैं चार ले सकता," अरबाब म्हणाला. "वो एक में भी नहीं चढ सकती."

माझी मान खाली. खजूर घेतले आणि गाडीचं बॉनेट उघडलं.

त्या मॉडेलचे पार्ट अमेरिकेतनं यायला दोन महिने. आमच्याकडं पंधरा दिवस. दुसऱ्या दिवशी दुपारी गुलखान जेवायला म्हणून गेला आणि भंगारबाजारातनं पोतं घेऊन आला. माझ्यासमोर उघडलं. रेडिएटर जपानी. कार्बोरेटर जपानी. स्टार्टर जपानी.

"जादव, किसी को बोला तो जबान काट दूंगा."

बारा दिवस आम्ही दोघांनी पट्ट्या कापल्या, भोकं पाडली, वेल्डिंग केलं. ब्रेकचं सगळं नव्यानं घातलं. अर्ध्या इंचाच्या शेजारी बाराचा बोल्ट, एकाच इंजिनावर दोन पानेपेट्या! एसीला आणि सीटला मात्र मी कुणाला हात लावू दिला नाही.

गाडी पास झाली. धूर नाही, गरम नाही, ब्रेक लावले की जागेवर.

अरबाब म्हातारीला घेऊनच आला, गाडी न्यायला. चालत गाडीभोवती एक फेरी मारली, टपावर हात फिरवला. मग सगळ्यांसमोर मला हाक मारली. "जादव! तू बोला था फेक दो. अब बोल, कौन सी गाडी अच्छी?"

सगळं गॅरेज माझ्याकडं बघायला लागलं. जादवनं आजपर्यंत तोंड कधी आवरलं होतं?

"अमेरिकन, अरबाब."

गुलखानच्या हातनं चहा सांडला.

म्हातारी आधार न घेता सीटवर बसली. अरबाबनं चावी फिरवली.

"चिर्रर्र!"

अर्ध्या सेकंदात चालू. म्हातारीनं चमकून नवऱ्याकडं बघितलं. त्यांची अरबी एव्हाना मला कळायला लागली होती.

"अहो, हा तर आपल्या शेळ्यांच्या गाडीचा आवाज!"

अरबाब माझ्याकडं बघायला लागला. मी गुलखानकडं. गुलखान छताकडं.

अरबाबनं एसी मोठा केला, आणि समोर बघतच तिला विचारलं, "गुडघा दुखतोय?"

"नाही."

"मग अमेरिकनच आहे!"