बाबुरावांचा चौथा थर

लोअर परळच्या एका कंपनीत रामदास पंचवीस वर्षं एकच गोष्ट सांभाळत होते: हॉस्पिटलात खाटेशेजारी असणारी यंत्रं चालवणारी ऑपरेटिंग सिस्टीम, आणि तिच्यातही फक्त नेटवर्किंग. रचना त्यांचीच. यंत्राकडून नर्सच्या टेबलाकडे निघालेला प्रत्येक संदेश सात थरांतून जाई, कचेरीतली फाइल सात टेबलांवरून जाते तसा. ठाकूरद्वारच्या कारकुनांच्या घराण्यात जन्मलेल्या माणसाला याहून वेगळं सुचणं कठीणच.

फायदा असा की एक थर बदलला तर बाकीच्यांना पत्ताही लागत नसे. तोटा असा की संदेशाला वेळ लागे. या तोट्याबद्दल कुणी तोंड उघडलं की रामदास आधी त्याला चहा पाजत आणि मग दोन तास बोलत.

यंदा तोंड उघडलं अक्षदाने. तिला त्यांनीच शिकवलं होतं, त्यामुळे दोन तास ऐकूनही ती दमली नाही. तिचं म्हणणं, थर मोडा आणि संदेश सरळ पाठवा. शुक्रवारच्या बैठकीत निकाल लागणार होता. रामदासांच्या निवृत्तीला चार महिने उरले होते आणि आयुष्यात त्यांनी ही एकच वस्तू उभी केली होती. ती डोळ्यांदेखत मोडू नये, एवढंच त्यांना वाटत होतं.

बैठकीत त्यांनी बाजू चांगली लढवली. मग अक्षदाने पडद्यावर मोजमाप दाखवलं.

"सर, अर्धा वेळ एकट्या चौथ्या लेयरमध्ये जातो. तो नेमकं करतो काय?"

चौथा थर संदेश घेई, त्याची नक्कल करी, नक्कल मुळाशी ताडून पाही आणि पुढे धाडी. थोडक्यात, काहीच करत नसे. अठरा वर्षांपूर्वी साहेबांनी फतवा काढला होता की ज्याच्या नावावर काम नाही, त्याने घरी जावं. लालबागचे बाबुराव आवक-जावक विभागातले, आणि तो विभागच बंद झालेला. पंचेचाळिसाव्या वर्षी ते दादरला क्लास लावून प्रोग्रॅमिंग शिकले, पण बेताचंच. रामदासांनी सहा थरांचे सात केले आणि चौथा बाबुरावांच्या नावावर चढवला. पुढे बाबुराव निवृत्त झाले, तरी थराला कुणी हात लावला नाही. आपलं काम अजून चालू आहे, असं ते गणपतीत घरी येणाऱ्या प्रत्येकाला सांगत.

'सुरक्षेसाठी आहे' म्हटलं असतं तर खपलं असतं. रामदासांच्या ओठांवर ते आलंही होतं. पण खाटेवरच्या माणसाचा श्वास अडकला की संदेश याच वाटेने जातो, हा पहिला धडा त्यांनीच अक्षदाला दिला होता.

"काही करत नाही," ते म्हणाले. "काढून बघ."

तिने काढला. उरलेले सहा थर तिच्या सरळ वाटेच्या इतके जवळ आले की मोडायचा हट्ट तिनेच सोडला. रचना वाचली. रामदासांना शरम वाटली.

बाबुरावांचा थर गेला, हे त्यांना फोनवर सांगण्यासारखं नव्हतं, म्हणून ते संध्याकाळी लालबागला गेले. बाबुरावांनी सगळं ऐकून घेतलं.

"तो काही करत नाही, हे मला लिहितानाच कळलं होतं रे. मी रिटायर झालो की काढशील, वाटलेलं. नाही काढलास. तुला बरं वाटावं म्हणून मीपण लोकांना सांगत राहिलो."

मग त्यांनी विचारलं, "त्या खाटेवरच्या माणसांचा किती वेळ खाल्ला आपण?"

रामदासांनी अठरा वर्षांची बेरीज करून आकडा काढलेला होता.

"फार नाही," ते म्हणाले.