उरलेल्या पाण्याचं झाड

चेअरमनसाहेबांच्या केबिनबाहेरच्या झाडाचं आणखी एक पान गळलं आणि मला गेस्ट हाऊसमधून तिकडे बोलावून घेतलं.

शेवगावकडच्या एका साखर कारखान्यात मी गेस्ट हाऊस आणि त्याची बाग सांभाळत होते. बागकामाचं रीतसर शिक्षण घेतलेली तिथे मी एकटीच. तरी मुंबईच्या पाहुण्यांनी दिलेलं फिडल लीफ फिग ठेवलं गेलं ते वत्सलाबाईंच्या टेबलाजवळ. त्या साहेबांच्या स्टेनो. हे झाड वडाच्या कुळातलं, पण घरात वाढणारं. पान पंज्याहून मोठं, मध्ये दबलेलं, सारंगीसारखं. येणारा प्रत्येक जण आधी झाडाकडे बघे, मग वत्सलाबाईंकडे, आणि म्हणे, “काय ठेवलंय बाई तुम्ही!” माझ्या गुलाबांना असं कोणी कधी म्हटलं नव्हतं. ते झाड माझ्याकडेच यायला हवं होतं. आजही माझं मत तेच आहे.

साहेब म्हणाले, “बाई, पुढल्या महिन्यात मुंबईचे पाहुणे यायचेत. त्यांनी दिलेलं झाड असं दिसून चालायचं न्हाई. आन नव्या ऑफिसपुढं बाग करायचीय. हे झाड जो जगवंल, त्याच्याकडं बागेचा चार्ज.”

वत्सलाबाई लगेच म्हणाल्या, “मी रोज पानं पुसते, साहेब. पोटच्या पोरासारखं बघते.”

“पाणी किती घालता?” मी विचारलं.

“आठवड्यातून एकदा. दुष्काळ आहे, एवढं कळतं मला.”

पाणी कमी पडलं तर पान कुरकुरीत वाळतं. हे काळे डाग पडून, मऊ होऊन गळत होतं, तेही खालचं आधी. म्हणजे पाणी जास्त. मातीत बोट खुपसलं, तर चिखल. शोभेसाठी कुंडी पितळी घंगाळात ठेवली होती. ती उचलली, तर खाली पाणी साचलेलं आणि वास असा, की वत्सलाबाईंनी पदर नाकाला लावला. मला बरं वाटलं.

पण पाणी येत होतं कुठून? मी समोरच्या बाकावर जाऊन बसले.

“गेस्ट हाऊसला सुट्टी वाटतं आज?” वत्सलाबाई म्हणाल्या.

“पाहुणे झोपलेत,” मी म्हणाले.

साहेबांना भेटायला शेतकरी येत. शिपाई प्रत्येकाला पेलाभर पाणी देई. बहात्तर सालच्या त्या दुष्काळात गावोगाव टँकरची वाट बघणं चाललं होतं, उष्टं पाणीसुद्धा कोणी फेकत नव्हतं. एका म्हाताऱ्याने पाणी पिऊन उरलेलं अलगद कुंडीत ओतलं.

“बाबा, हे काय?”

“सांडायचं कसं, बाई? झाड तरी पील. लई पुन्य हाय.”

त्याच्या मागचाही ओतून गेला. सगळे मिळून त्या झाडाला पुण्याने मारत होते.

पेले अर्धे भरायला सांगितले, तर पहिल्याच माणसाने सुनावलं, “कारखान्यानं पानी बी मापून द्यायला काढलं व्हय?” साहेबांनी पेले पुन्हा भरायला लावले. मग मी बाकाशेजारी बादली ठेवली. शिपायाला म्हटलं, “उरलेलं यात ओतायला सांग, गुलाबाला जातंय म्हणावं.” पुण्य तेवढंच, जागा वेगळी.

झाड कुंडीतून काढून कुजलेल्या मुळ्या कापल्या. विटांचे तुकडे, जाड वाळू आणि पालापाचोळ्याचं खत घालून नव्या कुंडीत लावलं. घंगाळ काढून टाकलं. कुंडी पूर्वेच्या खिडकीशी सरकवली आणि माती बोटभर खोल कोरडी होईपर्यंत थेंब घालू दिला नाही.

पाहुणे आले तेव्हा शेंड्याला नवं, चकचकीत पान होतं. “वा! एवढ्या दुष्काळात! कोण बघतं याच्याकडे?”

“आमच्या वत्सलाबाई,” साहेब म्हणाले. “रोज हातानं पुसत्यात.”

वत्सलाबाईंनी मान खाली घातली. मी चहाचा ट्रे घेऊन उभी होते.

बागेचा चार्ज त्यांना मिळाला. मी साहेबांकडे गेले. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, “खरं हाय, बाई. पर तुमी केलं काय? पानी घालायचं थांबवलं, एवढंच न्हवं?”

पाणी घालणारा हात सगळ्यांना दिसतो, आवरलेला हात कोणाला दिसत नाही. तेव्हापासून कुठलंही झाड वाचवायला गेले, की मी आधी चार माणसांदेखत त्याची पानं पुसून घेते.