पेंटरमामांची शिडी

सखारामजी म्हस्के यांचे पहिले दर्शन मला झाले ते त्यांच्या टाचांचे. दुष्काळाच्या आदल्या वर्षीची गोष्ट. मी धावड्याच्या शाळेत नवीच शिक्षिका होते आणि खडू, तक्ते घ्यायला जुन्या जालन्यात आले होते. दुकानात दोरीला अडकवलेले एक चित्रांचे पुस्तक दिसले, ‘चिमणीचं कुलूप’. काळा आणि गेरूचा लाल, दोनच रंग. पण चिमणी अशी तोऱ्यात बसलेली की मी उभ्या उभ्या पुस्तक संपवले. लिहिणारे आणि चित्रे काढणारे एकच होते. “हे म्हस्के कुठं राहतात?” असे विचारल्यावर दुकानदाराने बोट वर केले. समोरच्या कापडदुकानाची पाटी रंगवत एक गृहस्थ शिडीवर अनवाणी उभे होते. मी खालूनच ओरडले, “पुस्तक तुमचं का हो?”

“हाव बाई,” वळून न बघता उत्तर आले. “पर जरा दम खा. ‘भांडार’चा काना काढून राह्यलो.”

काना झाला, ते खाली उतरले आणि त्यांनी मला चहा पाजला. तेव्हापासून ते माझे मामा झाले. आता त्यांच्या साठीनिमित्त निघणाऱ्या या गौरवग्रंथात त्यांना ‘ज्येष्ठ बालसाहित्यिक व चित्रकार’ म्हणायचे असे संपादकांनी बजावले आहे. एकदा म्हटले. यापुढे मी मामाच म्हणणार.

मामांचा हात निजामाच्या राज्यात उर्दू पाट्या रंगवून तयार झाला. राज्य गेले तशी त्यांनी मराठी अक्षरे बसवली. धम्मदीक्षेनंतर त्यांच्या वस्तीत मुलांसाठी संध्याकाळचा वर्ग सुरू झाला. वर्गात पाटी होती, खडू होता, पण मुलांना हातात धरावेसे वाटेल असे पुस्तक नव्हते. मामांनी आधी भिंतीवर चित्रे काढली आणि मग पुस्तकेच काढायला घेतली. गोष्ट त्यांची, चित्रे त्यांची, सागवानी फळीवर कोरलेले ठसेही त्यांचे. छापखान्याच्या मालकाने फक्त यंत्र चालवायचे. ‘दिवाळीला पुस्तक देतो’ असे मामा म्हणाले की आम्ही होळीची तयारी करावी, हेही या निमित्ताने नोंदवून ठेवते.

मी त्यांची दोन पुस्तके धावड्याला नेली आणि चौथीच्या वर्गाला सांगितले की दर शनिवारी आपण एकाच माणसाचा अभ्यास करायचा. हा माणूस बघतो कसा, काढतो कसा, ते शोधायचे. छापलेल्या ओळींवर मी कागदाची पट्टी चिकटवली आणि गोष्ट आधी चित्रातून वाचायला लावली. मुख्याध्यापकांना वाटले बाईंना शिकवायचा कंटाळा आहे. पण तिसऱ्या बाकावरच्या कमलने असे काही शोधून काढले की मीही चाट पडले. मामांच्या प्रत्येक चित्रात कुठे ना कुठे शिडी होती. झाडाला टेकलेली, कौलामागून डोकावणारी, मुंगीच्या वारुळालाही काडीएवढी लावलेली. मामा शिडीवर चढून पाट्या रंगवतात हे मी सांगितले आणि मग काय, पुस्तक उघडले की आधी शिडीची शोधाशोध. शिडी सापडली की वर्ग ओरडायचा, “पेंटरमामा हायेत!”

त्या वर्षी मामांचे तिसरे पुस्तक आले, ‘ओढ्यापल्याड कोण’. ते आणायला मी छापखान्यात गेले, तर मामांनी गठ्ठा हातात ठेवला आणि म्हणाले, “हे शेवटचं, बाई.” हे पुस्तक पुरे व्हायच्या आधी, पहिली दोन शाळांसाठी घ्यावीत म्हणून ते शिक्षण खात्यातल्या एका साहेबांकडे गेले होते. साहेबांनी पाने चाळली आणि विचारले, यात अक्षरे किती थोडी, पोरांनी वाचायला शिकायचे की चित्रे बघायला? मामा कुणाशी वाद घालत नाहीत. नमस्कार करून परत आले, राहिलेली पाने पुरी केली आणि त्यांनी ठसे पोत्यात बांधून माळ्यावर टाकले. साहेबांवर आलेला राग मी मामांवरच काढला. “एकदा धावड्याला या, आमच्या पोरांना बघा, मग काय बंद करायचं ते करा,” असे बोलून आले. ते हो म्हणाले नाहीत, म्हणून मुलांना मी काहीच सांगितले नाही. तिसरे पुस्तक मात्र वर्गात ठेवले.

पुढच्या शनिवारी शाळेत पोचायला मला जरा उशीर झाला. बघते तर वर्गात अगरबत्तीचा वास. टेबलावर माझ्याच कपाटातला हातरुमाल अंथरलेला, त्यावर भिंतीला टेकवलेली पाटी. पाटीवर खडूने काढलेली शिडी, शिडीला झेंडूचा हार आणि समोर नारळ. सगळा वर्ग हात जोडून, मान खाली घालून स्तब्ध उभा. मला वाटले, आज कुणाची तरी पुण्यतिथी आहे आणि मी विसरले. मीही दारातच हात जोडले. तेवढ्यात माझ्या मागे चपलांचा आवाज थांबला. सकाळच्या एसटीने मामा आले होते. त्यांनीही डोक्यावरची टोपी काढली आणि मान खाली घातली.

“कोण गेलं हो?” त्यांनी हळूच विचारले.

दाराजवळ उभ्या असलेल्या कमलने डोळे पुसत उत्तर दिले, “पेंटरमामा.”

मला धरणी पोटात घेईल तर बरे असे झाले. मामा मात्र कमलपुढे उकिडवे बसले. “कवा गेले? कोण सांगितलं तुला?”

“कोणी न्हाई सांगितलं. पुस्तकात हाय.” तिने ‘ओढ्यापल्याड कोण’चे शेवटचे पान उघडून त्यांच्यासमोर धरले. ओढ्याच्या काठी, गवतात, शिडी आडवी पडली होती. मी ते पान वाचले होते. शिडी पाहिली नव्हती. “शिडी कधीच आडवी नसती त्यांची,” कमल म्हणाली. “आता आडवी हाय. मंग ते गेले असतील ना? भिंतीवरचे बी सगळे लिहिणारे गेलेलेच हायेत.”

खरेच होते. आमच्या वर्गात लेखक म्हणून जेवढ्या तसबिरी होत्या, त्या सगळ्यांना हार होते. लेखक जिवंत असू शकतो हे आम्ही त्यांना शिकवलेच नव्हते.

मामांनी पुस्तक हातात घेतले. “बराबर वाचलं, पोरी,” ते म्हणाले. “बिलकुल बराबर. मी ती शिडी मुद्दाम आडवी केल्ती. आता चित्रं काढायची न्हाईत म्हणून. ते माझ्या घरच्यांना बी नव्हतं कळलं.”

“तुमी?” वर्ग ओरडला. दोघीतिघींनी घाबरून भिंत गाठली, एकाने हात लावून खात्री करून घेतली. कमल मात्र हलली नाही. तिला आता राग आला होता.

“जिते हायेत ना तुमी? मंग उचला की शिडी!”

मामा हसले नाहीत. त्यांनी खडू मागितला, टेबलावरची पाटी घेतली आणि शिडीवर एक माणूस काढला. अनवाणी, टाचा आमच्याकडे. मुलांना हुरूप आला. त्यांनी पाटीचा हार उचलून मामांच्या गळ्यात घालायला धरला. आरडाओरडा ऐकून आलेले मुख्याध्यापक मधे पडले, श्रद्धांजलीचा हार जिवंत माणसाला चालत नाही म्हणाले. मामांनी मान पुढे केली. “घाला, पोरांनो. मेल्यावर मला कुठं झेंडूचा वास येणार हाय?”

त्या दुपारी मामा मुलांच्या पंगतीत बसून घराघरांतून आलेल्या भाकरी जेवले. संध्याकाळच्या एसटीने जालन्याला गेले ते थेट माळ्यावर चढायला. तेव्हापासून त्यांचा शिरस्ता पडला. नवे पुस्तक छापण्याआधी चित्रे घेऊन वर्गात यायचे, ओळ एकही लिहिलेली नसायची. मुलांनी गोष्ट सांगायची, मामांनी कोपऱ्यात बसून ऐकायची आणि घरी जाऊन लिहायची. माझी बदली शहागडला झाली तेव्हा मी रडकुंडीला आले होते. नव्या शाळेत रुजू होऊन आठवडा झाला नाही, तोच महामार्गावर एका ट्रकमधून शिडी उतरताना दिसली आणि तिच्यामागून मामा. वर्गाची मागची अख्खी भिंत त्यांनी रंगवून दिली आणि रंगाचा खर्च विचारला तर माझ्यावरच रागावले. त्यांचा राग मी पाहिला तो तेवढाच.

साठीच्या समारंभात मामांना हार कमल घालणार आहे. ती आता शिक्षिका व्हायला शिकते आहे आणि पहिला वर्ग मिळाला की मामांनाच ‘अभ्यासाला’ लावणार आहे. परवा मी मामांकडे गेले तेव्हा नव्या पुस्तकाची चित्रे जमिनीवर वाळत होती. सवयीप्रमाणे मी आधी शिडी शोधली. होती, उभी होती. पण मामांचे गुडघे आता कुरकुरतात, वर चढताना ते मधेच थांबतात आणि मला ते बघवत नाही.

मामा, तुमच्या डोळ्यांना उजेड पुरो, गुडघ्यांना बळ मिळो आणि अजून कितीतरी वर्षे आमच्या पोरांना तुमच्या चित्रात तुम्ही सापडत राहा. शिडी उभीच ठेवा. खालून धरायला आम्ही सगळे आहोत.