तांबडी डालग्याखाली

काल सून कळंबहून, माहेराहून, पिशवीत दोन कोंबड्या घेऊन आली. पिशवीतून पिसांचा तो उबट वास आला आणि मला माझं लग्नानंतरचं पहिलं वर्ष आठवलं.

मीही अशाच दोन आणल्या होत्या. रीतीप्रमाणं आठ दिवस अंगणात बांबूच्या पालथ्या डालग्याखाली ठेवल्या, म्हणजे जुन्या कोंबड्यांना त्यांची सवय होते. तरी सोडल्याबरोबर सासूबाईंच्या तांबडीनं एकीचं डोकं टोचून रक्त काढलं. सासूबाई ज्वारी निवडत म्हणाल्या, "नवी हाय, खाऊ दे टोच्या. म्या न्हाय का खाल्ल्या?"

मी उठले, तांबडीला धरलं, डालग्याखाली कोंडलं आणि वर दगड ठेवला.

"अगं, ती घरची हाय."

"ह्या बी घरच्याच हायत, आत्याबाई. आता आठ दिवस तिला बघू द्या."

आठ दिवस माझ्या कोंबड्या अंगणभर फिरल्या. तांबडी बाहेर आली ती मुकाट कडेचे दाणे टिपू लागली. तेव्हा वाटलं, सासूबाईंना हरवलं. आता वाटतं, त्यांच्या वेळी असा दगड कुणीच उचलला नव्हता.

काल सून डालगं शोधत होती.

"तुझ्या कोंबड्या सोड अंगणात," मी म्हणाले, आणि माझ्या धरायला उठले.